टेकू कुठे ठेवायचा

माझ्या बायकोच्या बी.एड.च्या शेवटच्या पाठाला सहावीच्या पोरांनी धडाधड जी उत्तरं दिली, ती त्यांना मी पढवली होती. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही आणि देवाला तर मुद्दामच नाही. कारण आमचा देव्हारा स्वयंपाकघरात आहे आणि तिथलं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं.

मुळात मी बोलणारा माणूस नाही. तळोज्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. स्टोअरकीपरला आयुष्यात दोनच वाक्यं लागतात, 'आहे' आणि 'संपलं'. घरी मी तिसरं वापरायचो : 'पुढच्या वर्षी बघू.' लग्न झालं त्या वर्षी शुभांगी म्हणाली, मी बी.एससी. आहे, मला शिक्षिका व्हायचंय, बी.एड.ला पनवेलमध्येच प्रवेश मिळतोय. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मुलगी झाली. मग आईचा गुडघा, मग करंजाड्याच्या फ्लॅटचे हप्ते, मग मुलीची दहावी. मी तिला एकदाही 'नाही' म्हटलं नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमानसुद्धा होता. (नाही म्हटलं असतं तर भांडण झालं असतं आणि भांडणात ती जिंकली असती. माझ्या गप्प बसण्याशी कोण भांडणार?)

मुलगी पुण्याला शिकायला गेली त्या उन्हाळ्यात शुभांगीने प्रवेश परीक्षा दिली, पास झाली, कॉलेजात प्रवेश घेतला आणि एका सकाळी पोहे वाढता वाढता मला हे कळवलं.

"अगं, पण विचारायचंस तरी," मी म्हणालो.

"विचारलं होतं. पुढच्या वर्षी बघू म्हणाला होतात. हे ते पुढचं वर्ष."

मी पोह्यांवर लिंबू पिळलं. लिंबू आधीच पिळलेलं होतं.

बी.एड. हा एका माणसाने करायचा अभ्यासक्रम आहे असा माझा समज होता. तो अख्ख्या घराने करायचा असतो. हॉलमध्ये टीव्ही होता तिथे फळा आला. जेवायच्या टेबलावर कार्डशीट, स्केचपेनं आणि पचनसंस्था. त्यांच्यात 'सूक्ष्म अध्यापन' म्हणून एक प्रकार असतो. पाच-सात मिनिटांचा इवलासा पाठ घ्यायचा आणि त्यात एकच कौशल्य घोटायचं : आज नुसते प्रश्न विचारायचे, उद्या नुसतं फळ्यावर लिहायचं. कॉलेजात वर्गमैत्रिणी विद्यार्थी व्हायच्या, घरी आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि आई.

आई चौथीपर्यंत शिकलेली. पंचाहत्तरी उलटल्यावर पुन्हा शाळा सुरू झाल्याचा आनंद तिला इतका झाला, की सोफ्यावर बसली की तिचा हात वरच. प्रश्न संपायच्या आधी वर. प्रश्न नसला तरी वर.

"वनस्पतींना वाढीसाठी कशाकशाची गरज असते?" शुभांगी विचारायची.

"त्या कुंडीत चहाचा चोथा टाका म्हणून मी कधीची सांगतेय," आई म्हणायची.

यावर साधी सून काय म्हणाली असती ते मला माहीत आहे. पण बी.एड.मध्ये मुलाचं उत्तर चुकलं तरी त्याला हिरमुसू द्यायचं नसतं. त्यालाही शास्त्रीय नाव आहे. शुभांगी हसून म्हणायची, "प्रयत्न चांगला आहे. आणखी कोण सांगेल?" आणि वर्गात उरलेला एकमेव विद्यार्थी म्हणजे मी, चप्पल घालून दूध आणायला पळायचो.

हळूहळू हे वाक्य घरभर पसरलं. कोथिंबीर सांगितली आणि मी मेथी आणली : "प्रयत्न चांगला आहे. आणखी कोण सांगेल?" विजेचं बिल भरायला विसरलो : "प्रयत्न चांगला आहे." आणि मागे सोफ्यावर आईचा हात वर.

थट्टा करतोय, पण आत कुठेतरी मी थक्क होत होतो. पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक, मग कॉलेज, मग शाळेतले सराव पाठ, आणि संध्याकाळी जमिनीवर पसरून बसलेली ही बाई पाठाचं टाचण लिहितेय. वर्गातल्या मुली तिला पहिल्या आठवड्यात काकू म्हणायच्या, दुसऱ्या महिन्यात ताई, आणि पहिली परीक्षा झाल्यावर तिच्याकडे नोट्स मागायला करंजाड्यापर्यंत यायला लागल्या. मी त्यांना चहा करून द्यायचो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं सलग सामाजिक कार्य.

मग दुसऱ्या वर्षी ते झालं.

त्यांना सरावाला ओवे गावाच्या बाजूच्या एका शाळेत पाठवलं होतं. (नाव सांगत नाही, शाळेची काहीच चूक नव्हती.) एका दुपारी शुभांगी घरी आली आणि चपला न काढता खुर्चीवर बसली. आमच्याकडे हे भूकंपाच्या खालोखाल मानलं जातं.

"मी विचारत होते आणि पोरं बघत होती," ती म्हणाली. "पस्तीस मिनिटं. नुसती बघत होती माझ्याकडे."

मागच्या बाकावर मार्गदर्शक मॅडम बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, पाठात फक्त तुम्ही बोललात, वर्ग बोलला नाही. शेवटचा पाठ याच वर्गावर आहे, बाहेरून परीक्षक येणार आहेत, आणि वर्ग असाच मुका राहिला तर अवघड आहे.

आईने विचारलं, मग आता काय?

"तोही असाच गेला तर मी सोडून देणार," शुभांगी म्हणाली. "वय झालं म्हणतात लोक, ते खरंच असेल."

ती असं बोलणारी नव्हे. आणि तिचं वय झालं नव्हतं. मी ते केलं होतं, एकेक वर्ष करून.

बोलता येणाऱ्या नवऱ्याने अशा वेळी दोन धीराचे शब्द सांगितले असते. मी स्टोअरकीपर. मी विचार केला : वर्गात उत्तरं नाहीत, म्हणजे साठा कमी आहे. साठा कमी असला तर काय करतात? माल भरतात.

पाठ होता साध्या यंत्रांपैकी तरफेचा. म्हणजे लांब दांडा, त्याला मध्ये टेकू, एका टोकाला उचलायचं ओझं म्हणजे भार, दुसऱ्या टोकाला आपण लावायचं बल. शुभांगी फ्रिजसमोर उभी राहून याची तालीम करायची. फ्रिजला तिने इतक्या वेळा शिकवलं, की मला सगळा पाठ सुरुवातीच्या प्रश्नापासून गृहपाठापर्यंत पाठ झाला. फ्रिजलाही झाला असावा, पण तो माझ्यासारखाच, बोलत नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटायच्या वेळी मी मैदानाच्या कडेला स्कूटर लावून उभा राहिलो. त्या सहावीच्या वर्गाची सगळी पोरं क्रिकेट खेळायला लागली. कुणाचे आईवडील गावातलेच, कुणाचे टॉवरच्या बांधकामावर कामाला. सगळ्यांची कॅप्टन होती प्रणाली नावाची एक मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि अंपायरही तीच. मी सगळं खरं सांगून टाकलं : त्या सराव पाठवाल्या मॅडम माझ्या बायको आहेत, सोमवारी त्यांची परीक्षा आहे, तुम्ही बोललात तर त्या पास होतील.

"म्हंजे मॅडम सोमवारी जे इचारनार, ते तुमी आमाला आताच सांगनार?" प्रणाली म्हणाली.

"हो."

"मंग मॅडम कशाला येनार?"

हा प्रश्न टाचणात नव्हता. मी खोकलो.

पोरांनी आपसात चर्चा केली आणि भाव सांगितला : मॅडम पास झाल्या की प्रत्येकाला माझ्या स्कूटरवरून मैदानाला एक चक्कर. मी कबूल झालो. मॅडमना यातलं काही कळता कामा नये, ही माझी अट. त्यावर सगळ्या टीमने बॅटीला हात लावून शपथ घेतली.

मग मी शिकवलं. आणि फुशारकी नाही, पण छान शिकवलं! पोरं हुशार होती. एकदा सांगितलं की संपलं. (बायकोसमोर ती मुकी का झाली, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. तिच्या वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या बाईंना पोरं घाबरत होती. माझ्या मागे फक्त म्हैस होती.) एकाच ठिकाणी मी अडलो. ओझं कमी कष्टात उचलायचं तर टेकू कुठे ठेवायचा, हा मुख्य प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला काही केल्या आठवेना. मी माझी अक्कल वापरली. स्टोअरमध्ये महत्त्वाची वस्तू मी नेहमी हाताशी ठेवतो.

"आपल्या हाताजवळ," मी ठणकावून सांगितलं. "भारापासून लांब."

"आपल्या हाताजवळ, भारापासून लांब," सगळ्या मैदानाने म्हटलं. म्हशीनेही मान हलवली.

सोमवारी मी घरी ड्युटीचं सांगून निघालो, कारखान्यात अर्ध्या रजेचं सांगितलं आणि शाळा गाठली. घाईघाईत स्कूटर गटाराच्या कडेला तिरकी उभी केली आणि वर्गाच्या खिडकीबाहेर पाण्याची टाकी आहे तिच्यामागे जाऊन बसलो. टाकीला लागून पोषण आहाराची खोली. तिथल्या मावशी बाहेर आल्या.

"कोन तुमी?"

"मी... असाच."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "असेच बसलेव तं लसून सोला," म्हणाल्या, आणि टोपलं माझ्यासमोर ठेवून आत गेल्या.

तेव्हा माझ्या बायकोच्या आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा मी लसूण सोलत ऐकली, ही वस्तुस्थिती आहे.

आत शुभांगी मोरपंखी साडीत उभी होती. आवाज किंचित कापत होता. शेवटच्या बाकावर परीक्षक, चष्मा कपाळावर. तिने आईचा अडकित्ता वर धरला आणि पहिला प्रश्न विचारला : "मुलांनो, सुपारी फोडायला आपण काय वापरतो?"

"अडकित्ता!" पूर्ण वर्ग. छताचे पत्रे हलले.

शुभांगी दचकली, मग सुखावली. तिने पिशवीत हात घातला. कात्री अजून बाहेर यायची होती.

"कात्री!" वर्ग म्हणाला. "चिमटा! पहार! बाटलीचं झाकन उघडायचं!"

मी टोपल्यात मान घातली. माझ्या हातून एक बारीकशी चूक झाली होती. मी उत्तरं ओळीने शिकवली होती, पण मधे प्रश्नासाठी थांबायचं असतं हे सांगितलं नव्हतं.

बी.एड.च्या पाठात सुरुवातीचे प्रश्न संपले की शिक्षकाने गंभीर आवाजात पाठाचा हेतू जाहीर करायचा असतो. शुभांगीने खडू उचलला. तेवढ्यात प्रणाली उभी राहिली, हात मागे बांधले आणि थेट माझ्या बायकोच्या चालीत म्हणाली, "तर मुलांनो, आज आपन तरफ या साध्या यंत्राचा अभ्यास करनार आहोत." आणि बसली.

परीक्षकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

पुढे टेकू, भार, बल, व्याख्या, उदाहरणं, सगळं गाडीसारखं धडधडत गेलं. शुभांगी नुसती रुळाच्या कडेला उभी. शेवटी तिने कसंबसं म्हटलं, आता गृहपाठ लिहून घ्या, घरातल्या तरफांची यादी करून आणा.

"आनली हाय, मॅडम," एक पोरगं म्हणालं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटांचा पाठ होता. अजून अर्धी सुपारीसुद्धा खाऊन झाली नसती.

"वर्ग तयार दिसतोय," परीक्षक म्हणाले. ते कौतुक नव्हतं. "मीच एक विचारू? जड ओझं उचलायचंय, तर टेकू कुठे ठेवाल?"

"आपल्या हाताजवळ, भारापासून लांब!"

एका सुरात. एकही पोर मागे नाही. परीक्षक शुभांगीकडे बघून शांतपणे म्हणाले, "एखाद्याचं चुकतं, मॅडम. अख्ख्या वर्गाचं एकसारखं चुकतं, ते शिकवल्याशिवाय नाही."

माझ्या हातातली पाकळी खाली पडली. हे तिने शिकवलं नव्हतं हो, मी शिकवलं होतं. उठून आत जावं आणि सांगून टाकावं, असं मला वाटलं. पाय उचलला नाही. त्याच वेळी बाहेर धप्पकन आवाज झाला. माझी स्कूटर, साइड स्टँडवर इतका वेळ तग धरलेली, गटारात गेली होती.

सगळा वर्ग खिडकीकडे वळला. शुभांगीसुद्धा. तिने स्कूटर पाहिली. हँडलला आमच्या देवीच्या जत्रेतलं गोंड्याचं तोरण, मागे आईच्या दवाखान्याची पिशवी अडकवलेली. मग तिची नजर टाकीवर आली. मी लसणासकट वाकलो.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं नाही. आवाज मात्र ऐकला, आणि त्यात आता कंप नव्हता.

"टेकू हाताजवळ ठेवायचा असं तुम्हाला का वाटतं?" तिने वर्गाला विचारलं.

त्याचं उत्तर मी पुरवलेलं नव्हतं.

"प्रयत्न चांगला आहे," ती म्हणाली. "चला. बाहेर जाऊन बघू या."

टाचण टेबलावर ठेवून ती वर्ग घेऊन बाहेर आली. झेंडावंदनाच्या मांडवाचा एक बांबू भिंतीला लावलेला होता, तो पोरांनी आणला. एक मोठा दगड लोटत आणला. बांबूचं टोक स्कूटरच्या पुढच्या चाकाखाली, आणि दगड, वर्गाच्या ठाम मतानुसार, हाताजवळ. सगळी दांडगी पोरं लोंबकळली. स्कूटर ढिम्म.

"आता?" शुभांगी म्हणाली. उत्तर सांगितलं नाही. नुसती थांबली. इतकं छान थांबता येतं कोणाला हे मला माहीत नव्हतं.

"दगड पुढं घेऊ का, मॅडम?" मागून कोणीतरी.

"घेऊन बघ."

दगड थोडा सरकला, स्कूटर थोडी हलली. आणखी सरकला, आणखी हलली. मग एकदम कालवा झाला, प्रत्येकाला दगड सरकवायचा होता, प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं, आणि मुका ठरलेला तो वर्ग एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालून तरफेबद्दल भांडत होता. शेवटी दगड अगदी चाकाला भिडला. शुभांगीने दांडग्यांना बाजूला केलं आणि प्रणालीला पुढे बोलावलं. त्या काडीएवढ्या पोरीने एकटीने बांबू दाबला आणि माझी स्कूटर गटारातून वर आली. बाकीच्यांनी गाडी ओढून कडेला घेतली.

"टेकू भाराच्या जवळ पायजे!" प्रणाली ओरडली. हे तिला कोणी पढवलं नव्हतं.

परीक्षक जवळ आले. त्यांच्या बुटांना चिखल लागला होता आणि बांबूवर त्यांचाही हात होता. "हे तुमच्या टाचणात नव्हतं, मॅडम."

"नव्हतं, सर. वर्गात होतं."

ते हसले. मग म्हणाले, "पण ही गाडी कोणाची?"

वर्गाची नजर टाकीकडे गेली आणि लगेच आभाळाकडे. एकही पोर फुटलं नाही. प्रणालीने तर रिबीन पुन्हा बांधायला घेतली.

"कल्पना नाही, सर," माझी बायको म्हणाली. "गटाराच्या कडेला गाडी लावणारा माणूस फार विचार करून आला नसावा."

संध्याकाळी घरी मी शक्य तितका दमलेला चेहरा केला. शुभांगीने ताट वाढलं. मग विचारलं, स्कूटरला ओरखडे कसले?

"कारखान्याच्या पार्किंगमध्ये कोणीतरी घासली."

तिने माझा हात हातात घेतला, नाकाजवळ नेला. लसूण. "प्रयत्न चांगला आहे," ती म्हणाली. "आणखी कोण सांगेल?"

आईने हात वर केला.

त्यावर आम्ही दोघं पुढे कधी बोललो नाही. मी काळजीने बघायला आलो होतो, एवढंच ती समजली, आणि त्याबद्दल तिने मला माफ केलं. त्या रात्री पोळीवर तूप जास्त होतं. ते तूप मला अजून पचलेलं नाही.

शुभांगी पास झाली. पुढे शिक्षकांची पात्रता परीक्षा, टीईटी, पहिल्याच प्रयत्नात सुटली. आज ती पनवेलमधल्याच एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पालकसभेला मी तिच्या शाळेत खुर्च्या मांडायला जातो, तेव्हा मुलं म्हणतात, "हे आमच्या मॅडमचे मिस्टर." ही पदवी मी छातीवर लावून फिरतो. पण कुठलंही लग्नकार्य असो, ती तिच्या शेवटच्या पाठाची गोष्ट सांगतेच : "माझी पोरं इतकी तयार होती, प्रश्नाआधीच उत्तर!" आणि मी जिलबीकडे बघत बसतो.

परवा भाजी घेताना मागून हाक आली, "काका." वळलो तर प्रणाली. दहावीत आहे, माझ्या कानाला लागते.

"चक्कर राहिली ना, काका."

मी विचारलं, मॅडमना सांगितलंस कधी?

"नाय. शप्पत होती ना," ती म्हणाली. "तुमीच सांगा आता."

म्हणून सांगितलं. शुभांगी हे वाचेलच, लाल पेन हातात घेऊन. तेव्हा हिशेब स्वच्छ लिहून ठेवतो. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत मी तिची जी वर्षं घालवली, ती मी तिचं देणं लागतो आणि मला फेडता येणार नाहीत. त्या वर्गातल्या प्रत्येक पोराला स्कूटरवरून एकेक चक्कर देणं आहे. ती देता येईल, फक्त पोरं आता माझ्याहून जड आहेत आणि स्कूटर त्या दिवसापासून गटाराकडे ओढते.

छापायला देण्याआधी हे सगळं आईला वाचून दाखवलं. शेवटी मी विचारलं, काही राहिलं का?

तिने हात वर केलाय. तिलाही एक चक्कर देणं आहे.